उणे कुठून येतं

हिउमा बेटावरची शाळा. फेब्रुवारी.
साडेचारलाच खिडक्या निळ्या पडलेल्या.
फळ्यावर मी लिहिलं :
दोन क्ष वजा तीन य अधिक तीन बरोबर शून्य.
या रेषेला लंब काढा,
पाच-स्वल्पविराम-शून्य या बिंदूतून जाणारी.

रीत मला पाठ. वीस वर्षं तीच सांगत आले :
चढ दोन छेद तीन. उलटा करा, तीन छेद दोन.
चिन्ह बदला.
दोन्ही चढांचा गुणाकार उणे एक आला
की समजा, काटकोन झाला.

माना खाली गेल्या, पेन्सिली चालू लागल्या.
मागच्या बाकावर तावेतचा हात वर.
"उलटा का, ते कळलं बाई.
म्हणजे कळलं नाही, पण चालेल.
हे उणे कुठून येतं?"

नियमातून, म्हणाले मी,
आणि घंटेनं मला सोडवलं.

त्याच्या वहीत चढ होता तीन छेद दोन, नुसताच.
अर्धा गुण कापला. शेरा मारला : चिन्ह विसरलास.
तो विसरला नव्हता.
न पटलेली गोष्ट लिहायला
त्याचा हात धजला नव्हता, इतकंच.

रविवारी बहिणीकडून परतत होते
गोठलेल्या समुद्रावरून.
गाडीत पट्टा सोडलेला, इथे तो बांधायचा नसतो,
बर्फ फुटला तर उडी मारता यावी म्हणून.
दोन्ही बाजूंना जुनिपरच्या फांद्या रोवलेल्या,
मध्ये वाट, पांढऱ्यावर पांढरी.

बेट दिसायला लागलं आणि माइमूनं हात आडवा केला.
तावेतची आत्या ती, बर्फाची जाडी मोजणारी,
भुवयांवर हिमाचे कण, काखेत गिरमीट.
"रात्रीत चीर गेलीय. तिरकी.
तिरक्या चिरेवरून तिरकं गेलात
तर तितका जास्त वेळ तिच्या तोंडावर राहाल.
फळ्या काटकोनातच पडायला हव्यात.
आणि नेमका गुण्या राहिलाय घरी."

तावेत होता तिथे, फांद्यांची मोळी घेऊन.
मला पाहून टोपी नीट केली. मग काही न बोलता
चिरेच्या कडेवर एक फांदी रोवली.
तिथून पूर्वेला तीन पावलं. उत्तरेला दोन.
पोचला पुन्हा चिरेच्याच कडेवर.
पावलांवर फांद्या आडव्या टाकत गेला,
बर्फावर हिरवा त्रिकोण झाला.

"आता हा पाव फेरा फिरवायचा,"
तो म्हणाला, आत्याला. मला नाही.
पहिल्या फांदीपाशी परत आला.
"पूर्वेची तीन, ती वळून झाली दक्षिणेची तीन.
उत्तरेची दोन, ती झाली पूर्वेची दोन."
आणि तसाच चालला, तीन खाली, दोन उजवीकडे,
फांद्या टाकत.
तोच त्रिकोण, कुशीवर वळलेला :
आडवी बाजू उभी, उभी बाजू आडवी.

मग माझ्याकडे वळला.
"चढायचं होतं तिथे उतरलो, बाई.
ते बघा उणे."

मी बघत होते.
वीस वर्षं फळ्यावर खडूनं ओढलेली ती बारकी आडवी रेघ
तीन पावलं लांबीची, जुनिपरच्या वासाची,
दक्षिणेकडे तोंड करून पडली होती.

फळ्या टाकल्या. पाववाल्याची गाडी पहिली गेली,
ताज्या राईच्या पावाचा वास मागे ठेवून.
खालून बर्फ गुरगुरला, आणि गप्प झाला.

मास्तरकी सुटत नाही म्हणतात, तसं विचारलं :
"आणि चीर थेट पूर्व-पश्चिम गेली तर?
चढ शून्य. तो उलटा कसा करशील?"
तावेतनं नाक पुसलं. बराच वेळ काळ्या पाण्याकडे बघितलं.
"उलटा नाही होणार. खाली शून्य येतो."
"मग?"
"मग क्ष बरोबर पाच. चढ विचारायचाच नाही."
माइमू गिरमीट उचलत म्हणाली,
"म्हणजे नाकासमोर उत्तरेला. एवढं बोलायला काय झालं?"

घरी आल्यावर वही काढली.
शेरा खोडरबरानं जाईना, शाई होती.
कागद झिजून तिथे भोक पडलं.
भोकाशेजारी अर्धा गुण लिहिला,
आणि त्याचं उत्तर मात्र
होतं तसंच ठेवलं, चिन्हावाचून.
उद्या त्याचं तोच घालेल.